‘पोस्ट फक्त २५ जणांना दिसते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शी या संत्र्याच्या भागातल्या रोपवाटिकावाल्यांच्या आणि कृषी केंद्रवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘अल्गोरिदम बदलला. फेसबुक आता तुमची पोस्ट फक्त २५ जणांना दाखवतं. हा मजकूर कॉपी करून टाका, लोकांना खाली “हो” लिहायला लावा. तीस हॅशटॅग लावा, दिवसातून तीनदा पोस्ट टाका आणि व्हिडिओशिवाय काही टाकू नका, नाहीतर पेज मेलं समजा.’ संत्र्याची कलमं विकायला पावसाळ्याचे मोजकेच आठवडे हाती असतात. ते या सल्ल्यापायी जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

आधी ते २५ जण. ही अफवा जुनी आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकच्या मार्क झुकेरबर्गने फीडमधला, म्हणजे फेसबुक उघडल्यावर दिसणाऱ्या पोस्टच्या यादीतला, बदल जाहीर केला: मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट जास्त, पेज आणि कंपन्यांच्या कमी. त्याच सुमारास हा आकडा पसरला आणि फेसबुकने तो खोटा असल्याचं सांगितलं. अशी मर्यादा नाही. कोण कशावर थांबतो, कोणाला उत्तर देतो, यावरून प्रत्येकाच्या फीडचा क्रम वेगळा लागतो. हा क्रम लावणारी संगणकाची पद्धत म्हणजेच अल्गोरिदम. धंद्याच्या पेजची फुकट पोहोच त्या बदलाने घटली, हे मात्र खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण मजकूर कॉपी केल्याने ती परत येत नाही.

‘हो लिहा’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. लाईक करा, टॅग करा, शेअर करा अशी गळ घालणाऱ्या पोस्ट खाली ढकलू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं. वारंवार तसं करणाऱ्या पेजची एकूण पोहोचही कमी होते. म्हणजे ज्या उपायाने पेज जगेल असं सांगितलं जातं, त्यानेच ते मागे पडतं.

आणि खऱ्या कमेंटची आपल्याकडे कुठे कमी आहे? वरूडजवळच्या शेंदुरजनाघाटला कलमं घ्यायला येणारा कास्तकार काय विचारतो ते आठवा. खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं रोप) जंबेरीचा की रंगपूर लिंबाचा? डोळा (खुंटावर बसवलेली संत्र्याची कळी) कोणत्या झाडाचा? जमिनीपासून किती उंचीवर भरला? माझ्या भारी काळ्या वावरात डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येईल का भाऊ? यातला एकेक प्रश्न म्हणजे एक पोस्ट आहे. कलमाला मोजपट्टी लावून फोटो काढा. डोळा भरलेला जोड मातीखाली गेला तर ओलाव्यात डिंक्याची बुरशी लागण्याचा धोका वाढतो, म्हणून लावताना तो वर ठेवा, एवढं दोन ओळींत लिहा. त्याखाली कोणी ‘माझ्या जुन्या झाडाला डिंक सुटला, काय करू’ असं विचारलं, तर नुसता नमस्काराचा हात पाठवू नका, नीट उत्तर द्या. गिऱ्हाईक तिथे बोलतं होतं. अल्गोरिदम २०१८ चा असो की आजचा, माणूस थांबला, बोलला, त्याने दुसऱ्याला पाठवलं, हेच तो मोजत आला आहे. त्यातलं कशाला किती वजन, ते बदलत राहतं. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये महत्त्वाच्या गोष्टी सांगितल्या त्या याच: किती वेळ पाहिलं, किती जणांनी लाईक केलं, किती जणांनी पुढे पाठवलं. नवख्या माणसापर्यंत जायला पुढे पाठवणं विशेष उपयोगी. मोजपट्टीचा तो फोटो भाऊ भावाला पाठवतो. ‘हो लिहा’ कोण कोणाला पाठवणार?

तीस हॅशटॅगचं उत्तर लहान आहे. इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये तीन ते पाच पुरेत असं सुचवलं होतं. त्यापेक्षा गावाचं नाव आणि ‘संत्रा कलम’ हे शब्द मजकुरातच लिहा, कारण लोक शोधतात ते तेच.

दिवसातून तीनदा टाकण्याचा नियम कोणत्याही प्लॅटफॉर्मने घालून दिलेला नाही. तो पाळायला गेलं की कंपनीचं तेच पत्रक दहा कृषी केंद्रांच्या पेजवर दिसतं. मूळ मजकुराला प्राधान्य आणि उचललेल्याला मागे, हे धोरण इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४ मध्ये आणि फेसबुकने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं आहे. आंबिया बहारातल्या संत्र्यांची फळगळ सुरू असताना आपल्याच बागेतला एक फोटो त्या पत्रकापेक्षा कितीतरी मोलाचा.

राहिला व्हिडिओ. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैमध्ये भारतात रील्स आल्या आणि तेव्हापासून व्हिडिओला जोर मिळाला, हे मान्य. डोळा कसा भरतात हे दाखवायला व्हिडिओच हवा. पण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये मेसेज आले त्या क्रमानेच दिसतात, तिथे कोणती पोस्ट वर न्यायची हे अल्गोरिदम ठरवत नाही, आणि एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. आज किती कलमं शिल्लक आहेत, दर काय, गाडी कोणत्या दिवशी निघणार, हे तिथे चार ओळींत लिहिलं की काम होतं.