हुरडा, माणशी बाराशे

अण्णा मंगळवेढ्याच्या काळ्या रानातले. पोटापाण्यासाठी पुण्यात आले त्याला पन्नास वर्षं झाली, वाटण्या होऊन शेत गेलं त्याला वीस. तरी २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा नावावर गुंठाभर जमीन नसलेल्या या माणसाने सोसायटीत पेढे वाटले होते. थंडी पडली की ते खिडकीतून समोरच्या पार्किंगकडे बघत म्हणतात, "हुरड्याचे दिवस आले."

यंदा मी धाडस करून सोलापूर रस्त्यावरच्या एका शेतावरचा 'हुरडा महोत्सव' बुक केला. माणशी बाराशे, ज्येष्ठांना शंभर रुपये सूट. हा आकडा अण्णांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही, असं घरात ठरलं होतं. यवतच्या आसपास मुलीने तो सांगून टाकला.

पुढचा अर्धा तास गाडीत कोणी बोललं नाही. मग अण्णा म्हणाले, "हुरडा विकत? अरे, वाटेनं चाललेल्याला हाका मारून आगटीवर बसवायचा असतो त्यो." आणि थोड्या वेळाने, बाहेर बघत, "बाराशेत महिन्याची ज्वारी येती घरात."

कमानीपाशी आमच्या मनगटांना कागदी पट्टे बांधले. "बाजारात जनावराला बांधतात तसं," अण्णा म्हणाले, पण हात पुढे केला. आत लाउडस्पीकर फुल्ल. बैलगाडीच्या फेरीसाठी चाळीस मिनिटांची रांग, आणि एवढं थांबून गाडी गेली कुठवर, तर स्वच्छतागृहापर्यंत आणि परत. बैल मात्र शहाणे. वळायच्या जागी ते आपोआप वळत होते आणि सेल्फीसाठी आपोआप थांबत होते.

आगटीवर फेटा बांधलेला एक पोरगा बसला होता. फेट्याखाली कानात इअरफोन. कणसं वरून कोळसा, आतून कच्ची. चोळलेला हुरडा गार होऊन कागदी द्रोणात आमच्यापर्यंत पोचला. मी तोंडात टाकला आणि कूस घशात अडकलं. पाण्याची बाटली उघडली तर अण्णा ओरडले, "हुरड्यावर पाणी नको, ताक पी!" ताकाचं कूपन वेगळं होतं.

अण्णांनी एक दाणा उचलून नखाने दाबला. "नख रुतलं पाहिजे, पण चीक उडता कामा नये. हा निबर झालाय. आणि ही गूळभेंडी न्हवंच. मालदांडी भाकरीला, गूळभेंडी हुरड्याला, एवढंपण ठावं नाही." मग चप्पल काढून सरळ आगटीपाशी मांडी घातली.

"काका, इथे गेस्टना अलाउड नाही," पोरगा म्हणाला.

"मी गेस्ट नाही. मी मंगळवेढ्याचा."

यावर त्या पोराला काही सुचलं नाही. तो सरकला.

अण्णांनी ढिगातून कोवळी कणसं निवडली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसली, वर राख ओढली, जरा वेळाने फिरवली. मग कणीस तसंच तापलेलं तळहातांत धरून चोळलं. घरी गोळ्यांचं पाकीट फोडायला या बोटांना मी लागतो. एक फुंकर मारली, सगळा कोंडा हिच्या नव्या साडीवर, आणि हातात उरले हिरवेगार, वाफाळते, टपोरे दाणे. "घे." ताटात दही होतं, शेंगदाण्याची चटणी होती, गूळ होता. मी कशाला हातही लावला नाही.

मीही एक कणीस चोळून पाहिलं. त्याबद्दल एवढंच सांगतो की दोन दिवस मला स्टिअरिंग नीट धरता आलं नाही.

हळूहळू तिथे रांग लागली. लोक अण्णांना 'मामा' म्हणू लागले. गॉगलवाले एक गृहस्थ म्हणाले, "मामा, पोरांसाठी जरा मऊ द्या." मामांनी दिला. वर त्या पोरांना दाणे एकेक करून नाही, फक्की मारून खायचे असतात, हेही शिकवलं. आई लांब बाजेवर बसून बघत होती. "घरात चहाचा कप उचलून ठेवत नाहीत," ती हिला म्हणाली. अण्णांना उठवता उठवता तीन वाजले आणि पैशात धरलेलं पिठलं-भाकरीचं जेवण संपलं.

परतताना पुन्हा शांतता. हडपसरच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा अण्णांनी खिशातून काळे डाग पडलेली विसाची नोट काढली. गॉगलवाल्यांनी जाताना बक्षीस म्हणून हातात ठेवलेली.

"घेतलीत तुम्ही?" आई किंचाळली.

"न घ्यायला काय झालं? माझे अकराशे गेलेत. त्यातले वीस वळते झाले." ओठ हलवत त्यांनी हिशेब केला. "अजून चोपन्न गिऱ्हाइकं झाली की फिटलं. पुढच्या रविवारचं बुकिंग आहे का बघ की."