वणवा लागत नाही, लावतात

परवा रात्री पुन्हा आमचा डोंगर जळाला. सकाळी टपरीवर जो तो एकच सांगत होता, "वणवा लागला." लागला म्हणे! ऐन मार्चात, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, गवताच्या उतारावर आग आपोआप कुठून येते? फांदीवर फांदी घासली ही थाप तरी बंद करा, त्या उतारावर फांद्या आहेतच किती! काडी कुणीतरी ओढलीय.

आणि कशासाठी? "जाळलं की पुढच्या वर्षी गवत जोमानं येतं." लहानपणापासून हेच ऐकतोय. पावसाळ्यात डोंगर हिरवा दिसतो म्हणून खूश होणाऱ्यांनो, जरा वाकून बघा काय उगवलंय ते. वर्षानुवर्षं जाळलेल्या उतारावर मारवेलसारखा सकस चारा हटतो आणि कुसळी माजते. तीच कुसळं जनावरांच्या तोंडात रुतली की हीच माणसं चारा नाही म्हणून गळा काढणार. वरची माती उघडी पडते, पहिल्या जोरदार पावसात ओढ्यात जाते. डोंगरात पाणी मुरणार कुठे?

आम्ही सात-आठ जणांनी तीन उन्हाळे खांद्यावरून कॅन वाहून जांभळं आणि करंज जगवले होते. कमरेएवढे झाले होते. परवा ओल्या डहाळ्या घेऊन आम्ही आग झोडपत होतो, सोबत एकटा वनरक्षक, आणि खाली रस्त्यावर पोरं मोबाईलवर व्हिडिओ काढत उभी! एकानंही वर यायचे कष्ट घेतले नाहीत.

सकाळी गेलो तर जमीन अजून गरम होती. टिटवी त्याच एका जागेवर घिरट्या घालून ओरडत होती. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, रातवा पक्षीही घालतो. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तिची खोडं काळी ठिक्कर पडलीत. पुढचं मी कुणाला सांगू शकलो नाही, घसा दाटून आला.

राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 26 खाली गुन्हा आहे. काडी कुणी ओढली हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण "कशाला वाईटपणा घ्यायचा?" म्हणून सगळे गप्प. वनविभागाचा 1926 हा नंबर फुकट लागतो, तरी कुणी फिरवत नाही.

काल मी फिरवला. नाव सांगितलं. कालपासून भावकीतल्या दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. खुशाल टाका.