म्हणे, घोडा नाचत नाही!

शहाद्याकडच्या वरातीचा तो व्हिडिओ सगळ्यांच्याच मोबाइलवर येऊन पडला असेल. काळाभोर फ्रिजियन (गाय नव्हे, घोडा), थेट हॉलंडहून विमानाने आणलेला. अंगावर घुंगरांच्या माळा, तोंडात काटेरी लगाम, दहा फुटांवर डीजे. दोघं लगामाला झटके देतायत, तिसरा पुढच्या पायांवर काठी टेकवतोय. घोडा मागे मागे सरकतोय, कान पाडलेले, डोळ्यातलं पांढरं दिसतंय, नाकपुड्या फुललेल्या, शेपूट दोन पायांत दाबलेली. आणि खाली मालकाचा आवाज: "फुल ट्रेन सांगीसन दिधा, हाऊ ते नाचतच नही!" (पूर्ण शिकवलेला म्हणून दिला, हा तर नाचतच नाही!)

नाचणार कसा, डोंबल? त्याला नाच शिकवला कुणी?

तिकडे हॉलंडात तीन वर्षांचा घोडा 'शिकलेला' म्हणतात, तेव्हा तो बांधला तर उभा राहतो, चारही पाय उचलू देतो, गाडीला जुंपून घेतो आणि स्वाराखाली चाल, दुडकी, दौड धरतो. बस. तेही साधारण दोन-तीन महिन्यांच्या कामावर. लगाम साधा, सांध्याचा, हात हलका. पोटरीने दाबलं की पुढे जायचं, एवढंच त्याला ठाऊक. आपल्याकडचा स्वार एकाच वेळी टाच मारतो आणि लगाम ओढतो. टाच म्हणते चल, लगाम म्हणतो थांब. मग घोडा मान वर फेकतो, पाठ खाली सोडतो, मागचे पाय घसटतो. बघणारे टाळ्या वाजवतात, "बघा, मान कशी धरलीय!"

रेवाल चालीचं, म्हणजे एका बाजूचे पाय जोडीने टाकत हिसका न देता पळण्याचं, तर विचारूच नका. मारवाडी, काठेवाडी घोड्यांतही ती रक्तात असेल त्यालाच येते. फ्रिजियन तिरप्या जोडीने पाय टाकणारा, गुडघे उंच उचलून दुडकणारा गाडीचा घोडा. काठीने त्याची रेवाल होत नाही, फक्त पाय सुजतात. जागच्या जागी पाय उचलायला तोही शिकतो, पण त्याला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. ही जात उशिरा भरते. सहा-सात वर्षांआधी पाठीवर फार जोर टाकायचाच नसतो.

आणि दलाल! "इम्पोर्टेड आहे, फुल ट्रेन आहे" एवढ्या दोन वाक्यांवर लाखोंचा सौदा. घोड्याच्या मानेतल्या चिपचा नंबर त्याच्या पासपोर्टशी जुळवला? नाही. केएफपीएस या १८७९ पासूनच्या स्टडबुकाचे, म्हणजे या जातीच्या वंशावळीच्या नोंदीचे, कागद पाहिले? नाही. तिथे आयबीओपी नावाची परीक्षा असते, खोगिराची वेगळी, गाडीची वेगळी, गुणपत्रक मिळतं. ते मागितलं? नाही. तबेल्यातून काढण्यापासून खोगीर कसण्यापर्यंतचा, डावीकडे-उजवीकडे दोन्ही बाजूंनी फिरवतानाच्या तिन्ही चालींचा, एकट्याने रस्त्यावर जाण्याचा सलग व्हिडिओ मागवला? छे. मग पाहिलं काय? अंगावरच्या केसांचे भोवरे! देवमन हा शुभ भोवरा आहे का, खोडीचा म्हणजे अशुभ भोवरा नाही ना. सारंगखेड्याच्या यात्रेतल्या घोडेबाजारात भोवऱ्यांवर तासभर वाद घालणारी माणसं तोंडात बोट घालून दात मात्र बघत नाहीत.

इतकं चिडू नये म्हणतात. गावात आमचं नाव 'तोबरा' पडलंय, तोंड कायम फुगलेलं म्हणून. आता फुगलंच आहे तर पुढचंही ऐका.

विमानातून उतरलेला, क्वारंटाइनमधून आलेला घोडा दुसऱ्या आठवड्यात वरातीत? अंगावरचं मांस उतरलेलं असतं, हवा नवी, चारा नवा. पहिले तीन-चार आठवडे स्वार न बसता हाताने धरून नुसतं चालवा, चारा दहा-बारा दिवसांत हळूहळू बदला. सहाशे किलोच्या घोड्याला रोज नऊ ते बारा किलो सुका चारा लागतो. दादरचा (रब्बी ज्वारीचा) कडबा चालतो, पण बुरशी नको. हे लोक पहिल्याच दिवशी हरभऱ्याचा तोबरा, वर गूळ, वर तूप! मग पोटशूळ, नाहीतर खुरांत जळजळ. आणि चैत्रात ४३ डिग्रीला दुपारच्या वरातीत काळा घोडा उभा करणाऱ्याला त्याच रस्त्यावर काळी शाल पांघरून उभं करावं.

ढोलाची सवय करायची तर चंदी खाताना, शंभर फुटांवर, एकच ढोल. घोडा खाणं सोडत नसेल तर दुसऱ्या दिवशी दहा फूट पुढे. खाणं सोडलं की ढोल मागे घ्या. यात काठी कुठेच येत नाही. पण महिनाभर रोज अर्धा तास देणार कोण? मोतद्दाराचा, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाचा, पगार द्यायचा म्हटलं तर मालकाच्या पोटात कळ येते. घोडा लाखोंचा, माणूस मात्र फुकटात हवा.

खुरांवरच्या केसांची तर दैनाच. तिथे ओल राहिली की खवले धरतात, किडे पडतात, घोडा रात्रभर पाय आपटतो. धुतले तर मुळापर्यंत कोरडे करा, रोज बोटांनी चाचपा, गोखरू हाताने काढा. कोण करतो? लग्नाच्या आदल्या रात्री मात्र त्या काळ्याभोर केसांना मेंदी लावायला अख्खी गल्ली हजर.