रोपं का मेली? पीटबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

"मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे" असं तुम्ही लिहिलंत, म्हणून काका म्हणते. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही चिडलात यात काहीच गैर नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कुंड्यांसाठी पीट (दलदलीत हजारो वर्षं साचलेलं मेलेलं शेवाळ) असलेलं कंपोस्ट, म्हणजे कुंडीत भरायचं तयार मिश्रण, घेऊ नका, असं मी फेब्रुवारीत लिहिलं होतं. ते वाचून काकांनी इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये पीट-फ्रीच्या, म्हणजे पीट नसलेल्या कंपोस्टच्या, तीन पिशव्या आणल्या, टोमॅटो-मिरचीची चाळीस रोपं केली आणि मे संपेपर्यंत त्यातली सव्वीस गेली. त्यांचं म्हणणं असं: माल निकृष्ट आहे, सरकारनेसुद्धा बंदी घातलेली नाही, हौशी बागवाल्यांचा वाटा तो कितीसा, आणि मी स्वतः वापरते ते कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जहाजाने येतं. थोडक्यात, हे पोट भरलेल्यांचे चोचले.

आधी रोपांचं बोलू, कारण तिथे चूक माझी आहे. पीट घेऊ नका एवढंच मी लिहिलं. पाणी कसं द्यायचं, याची एक ओळही त्या लेखात नव्हती. तुम्ही लिहिलंय की वरची माती रोज सकाळी कोरडी दिसायची, म्हणून रोज भरपूर पाणी घातलं. काका, नेमकं तिथेच घात झाला. पीट वरपासून खालपर्यंत ओलं दिसतं किंवा सगळंच सुकतं. पीट-फ्रीमध्ये लाकडाचा तंतू, साल आणि कुजवलेला बागेतला कचरा असतो. त्याचा वरचा थर लवकर सुकून फिकट दिसतो आणि खाली चिखल असतो. बोट दोन पेरं आत घालून बघा. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून बघा. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं. रोज पाणी पडलं की मुळं गुदमरतात आणि रोप जमिनीलगत काळं पडून कोलमडतं. तुम्हाला दिसलेली चिलटंसुद्धा त्याच ओलीवर जमतात.

पानं पिवळी पडली त्याचं कारण निराळं. लाकडाचा तंतू कुजताना आजूबाजूचं नत्र ओढून घेतो. त्यामुळे चार-पाच आठवड्यांनी रोपं उपाशी राहतात. तेव्हापासून दर आठवड्याला पातळ द्रवखत द्यावं लागतं. पीटच्या पिशवीतही खत संपतंच, पण इथे ते लवकर संपतं. आणि बी पेरताना कंपोस्ट चाळून घ्यायचं. आपण तांदळाला वापरतो तसली मोठ्या भोकांची चाळण पुरते.

तुमच्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्याने मात्र मला झोप लागली नाही. "उरलेल्यातल्या चार टोमॅटोंची कोवळी पानं नेच्यासारखी गुंडाळली आहेत." हे पाण्याने होत नाही. हे बहुतेक तणनाशक आहे. कुरणावर रुंद पानांचं तण मारायला अमिनोपायरालिड नावाचं औषध मारतात. गवताला काही होत नाही. ते गवत घोडा खातो, औषध लिदीतून जसंच्या तसं बाहेर येतं आणि खतात, कंपोस्टमध्ये पोचतं. टोमॅटो, बटाटा, शेंगवर्गीय पिकं त्याच्या कणभर अंशानेही वाकडी होतात. इंग्लंडमध्ये २००८ साली याचा एवढा बोभाटा झाला की औषधाची परवानगी काही काळ स्थगित करावी लागली होती. तीन वर्षांपूर्वी मी एका तबेल्यातून ट्रॉलीभर खत आणलं आणि माझा घेवड्याचा अख्खा वाफा असाच मुठी आवळल्यासारखा झाला. तेव्हापासून नवी पिशवी किंवा नवं खत आलं की आधी दोन लहान कुंड्यांत ब्रॉड बीन्सचे दाणे लावते. तीन-चार आठवड्यांत पानं सरळ आली तरच बाकीचं वापरायचं. तुमच्या तिसऱ्या पिशवीत उरलेलं असेल तर हे करून बघा. पानं वाकडी आली तर फोटो काढून दुकानाला दाखवा आणि पैसे परत मागा. पिशवीत प्लॅस्टिकचे तुकडे निघाले म्हणता, त्याबद्दलही तक्रार करा. पीट-फ्रीच्या नावाखाली काहीही खपवलं जातं हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि त्यात तुमच्यासारख्या माणसाचा विश्वास उडतो याचं मला फार वाईट वाटतं.

आता पीट. मी उत्तर इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमधल्या डोंकास्टरला राहते. इथून जवळच थॉर्न आणि हॅटफील्डच्या दलदली आहेत. गेल्या जूनमध्ये संध्याकाळी साडेनऊच्या सुमाराला थॉर्नच्या वाटेवर उभी होते. पायाशी स्फॅग्नम शेवाळ. त्यावर नुसता तळवा टेकवला तर बोटांच्या फटींतून पाणी वर आलं. आपल्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी हे शेवाळ धरून ठेवू शकतं. कडेला दवबिंदू होती, तीच कीटक धरणारी वनस्पती. कासच्या पठारावर पावसाळ्यात दवबिंदू आणि सीतेची आसवं बघायला आपण गुडघे टेकतो ना, तिच्याच जातकुळीतली. कासची पातळ, ओली माती असो की इथलं पीट, दोन्हीकडे जमिनीत पोषण नाही, म्हणून झाड किडा धरतं. मग अंधार पडायला लागला आणि रातवा हा पक्षी बोलायला लागला. चरखा फिरावा तसा तो न थांबता घरघरतो. आफ्रिकेतून येतो तो, इथे अंडी घालायला.

ही जागा माझ्यासारखीच्या कुंड्यांसाठी खरवडली जात होती. पाण्यात हवा पोचत नाही म्हणून मेलेलं शेवाळ कुजत नाही, वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर साचतं. एक वीत पीट म्हणजे दोनशे वर्षं. ते काढायला आधी चर खणून पाणी काढून टाकतात. हवा लागली की हजारो वर्षं धरून ठेवलेला कार्बन वाऱ्यावर जातो. थॉर्नचाच विल्यम बंटिंग हा निसर्गवेडा माणूस १९७२च्या सुमारास लोकांना घेऊन जायचा आणि ते चर बांध घालून बुजवायचा. त्याच्या या फौजेला 'बंटिंग्ज बीव्हर्स' म्हणत, कारण बीव्हर हा बांध घालणारा प्राणी. शेवटी २००२ साली सरकारने पीट उपसणाऱ्या कंपनीला भरपाई देऊन इथला उपसा थांबवण्याचा करार केला. चर बुजले तिथे शेवाळ परत येतंय, पण गेलेला थर भरायला किती पिढ्या लागतील ते तुम्हीच गुणून बघा.

सरकारबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. २०११ मध्ये ठरलं की २०२० पर्यंत घरगुती बागांतून पीट आपखुशीने जावं. गेलं नाही. २०२२ मध्ये इंग्लंडसाठी २०२४ची विक्रीबंदी जाहीर झाली. २०२४ आलं आणि गेलं, कायदा झाला नाही. आणि हेही खरं की ब्रिटनमध्ये पीटच्या जमिनीतून जाणाऱ्या कार्बनचा मोठा भाग पाणी उपसून केलेल्या शेतीतून जातो, बागांचा वाटा त्यापुढे लहान. पण त्या शेतीवर लोकांचं अन्न आहे, शेतकऱ्यांचं पोट आहे, तो प्रश्न अवघड आहे. माझ्या पेटुनियावर कोणाचंच पोट नाही. जे कोणाचंही न बिघडता आजच थांबवता येतं, ते कायद्याची वाट बघत का चालू ठेवायचं?

कोकोपीटबद्दल मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मी वेंगुर्ल्याची. नारळाची सोडणं खाडीत कुजत घालून काथ्या काढतात हे लहानपणापासून पाहिलंय. भुसा उरतो तो वाया न जाता विकला जातो, यात वाईट काही नाही. पण त्यातला क्षार काढायला गोडं पाणी लागतं, मग त्याच्या विटा दाबून जहाजाने इथे येतात. पुण्यात गच्चीवर कोकोपीट वापरणाऱ्याला मी काहीच म्हणणार नाही, त्याच्यासाठी ते घरचं आहे. यॉर्कशरमध्ये ते घरचं नाही. म्हणून मी ते आता फक्त बियांपुरतं ठेवलंय, आणि पुढच्या वर्षी तेही नसेल, कारण माझा पातेरा, म्हणजे झाडांच्या गळलेल्या पानांचं खत, तयार होतोय.

"चोचले" हा शब्द मला याच्यासाठीच लागला, काका. आमच्या घरी पावसाआधी आई आणि काकू पातेरा गोळा करायच्या. तो गुरांखाली अंथरायचा, शेणामुतात भिजला की गायरीत, म्हणजे खताच्या खड्ड्यात, टाकायचा आणि पुढच्या वर्षी शेतात. पैसे नव्हते म्हणून करायच्या त्या, हौस म्हणून नाही. इथेही पिशवीतलं कंपोस्ट ही काल-परवाची गोष्ट आहे. इंग्लंडमधल्या जॉन इनस या बागकाम संशोधन संस्थेत १९३०च्या दशकात लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीच्या मिश्रणाचं प्रमाण बसवलं: सात भाग माती, तीन भाग पीट, दोन भाग वाळू. त्यातही पीट पावभागच. त्याआधीचे माळी सडवलेली हिरवळ आणि पानांची माती वापरत. नुसतं पीट भरलेल्या पिशव्या त्यानंतर काही दशकांनी आल्या.

माझ्या अलॉटमेंटच्या (भाजी लावायला भाड्याने घेतलेल्या तुकड्याच्या) कोपऱ्यात चार खुंट आणि कोंबड्यांची जाळी आहे. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात त्यात ओकची पानं छातीपर्यंत भरली होती, आता ती गुडघ्याएवढी राहिलीत. परवा तळातली मूठभर काढून चाळली: काळी, हलकी, चहाच्या चोथ्यासारखी. त्यात एकही पान ओळखू येत नाही. जाळी हलवली तेव्हा खालून एक बेडूक सरकला. गोगलगायींबद्दल तुम्ही विचारलंत, त्याचं उत्तर तोच आहे, तो त्या खातो. गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्या २०२२पासून इथे बंदच आहेत. शेडमध्ये जुना डबा असेल तर कचऱ्यात किंवा मोरीत टाकू नका, कौन्सिलच्या कचरा केंद्रात द्या.

टोमॅटो आता बियांपासून होणार नाही, उशीर झाला. पण जून आहे, मेथी, कोथिंबीर आणि बुटका घेवडा अजून पेरता येतो. आधी ब्रॉड बीन्सची चाचणी करा, पिशवी ठीक निघाली तर त्यातच पेरा. कुंडी उचलून बघितल्याशिवाय पाणी घालू नका. आणि पुढच्या मार्चला मिरचीचं बी टाकाल तेव्हा पत्ता कळवा, बादलीभर चाळलेला पातेरा मी पाठवते.