सकाळी मी ठीक असते

चौदा महिने माझ्या सगळ्या तपासण्या सकाळी झाल्या, आणि माझा आजार यायचा संध्याकाळी.

मी शाळेत शिकवते. पहिल्या तासाला आवाज खणखणीत असायचा, सहाव्या तासापर्यंत शब्द नाकातून यायला लागायचे. मुलं विचारायची, "मॅडम, सर्दी झाली का?" इंदूरात राजवाड्याकडून रामबागेत घरी येताना पुढची एक बस दोन दिसायची, एक डोळा मिटला की पुन्हा एकच. सकाळचे पोहे सहज खाऊन व्हायचे, पण रात्री पोळीचे चार घास झाले की जबडा हातानं धरून चावावं लागायचं. दिवेलागणीला डावी पापणी खाली यायची. झोपून उठलं की सगळं जागेवर!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला. घशाच्या डॉक्टरांनी ॲसिडिटीची गोळी दिली. बी-१२ची इंजेक्शनं झाली, मेंदूचा एमआरआय झाला, तो नॉर्मल. शेवटी एका मोठ्या डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "टेंशन मत लो, सब नॉर्मल है." सोबत चिंतेची गोळी. ती मी पाच महिने घेतली. घरात कुणी वाईट बोललं नाही, पण सासूबाई ओळखीच्यांना फोनवर हळू आवाजात "मनाचं आहे" म्हणायच्या, ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. नंतर नंतर मलाही ते खरं वाटायला लागलं. सगळ्यात वाईट तेच होतं.

मला राग आहे तो या "सब नॉर्मल"वर. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. नस जिथं स्नायूला निरोप देते तो सांधा त्यात दिसत नाही. मग नॉर्मल काय होतं? तेवढं एक चित्र. मी नाही.

आणि मनाचं म्हणायचं तर तेही तपासून म्हणा. शरीराची रचना शाबूत असूनही हातपाय खरोखर चालत नाहीत, असे विकार असतात आणि ते खोटे नसतात. पण ते ओळखायला खुणा आहेत. एका पायात जोर नाही म्हणणाऱ्या माणसाला दुसरा पाय उचलायला लावायचा आणि पहिला नकळत खाली दाबला जातो का ते बघायचं, ही डॉक्टर हूवर यांची खूण १९०८ पासून माहीत आहे. बाकी काही सापडलं नाही म्हणून उरलेलं लेबल चिकटवायचं, याला निदान म्हणत नाहीत.

पुढं लेकीनं एका संध्याकाळी आठ वाजता माझा व्हिडिओ काढला: मी एक ते पन्नास मोजतेय आणि चाळीसच्या पुढे आवाज विरतोय. नव्या न्यूरोलॉजिस्टनी तो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "ये कितने बजे का है?" चौदा महिन्यांत वेळ कुणीही विचारली नव्हती. मला तिथंच रडू आलं.

त्यांनी मिनिटभर छताकडे बघायला सांगितलं. पापणी हळूहळू उतरली. मग हातमोज्यात बर्फ घालून दोन मिनिटं त्या डोळ्यावर ठेवला, आणि पापणी वर आली. मायस्थेनिया ग्रॅव्हिस. आपल्याच शरीरातल्या अँटिबॉडी स्नायूवरचे नसेचा निरोप घेणारे ग्राहक (रिसेप्टर) अडवतात. पहिल्या काही हालचाली होतात, सतत वापरलं की निरोप पोचेनासा होतो, विश्रांती मिळाली की पुन्हा पोचतो. म्हणून सकाळ चांगली.

अँटिबॉडीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तेव्हा माझे हातपाय गळाले, वाटलं, आता पुन्हा तेच ऐकायचं. ते म्हणाले की अंगभर आजार पसरलेल्यांत ही तपासणी साधारण १०० पैकी ८५ जणांतच पॉझिटिव्ह येते. मग नसेला लागोपाठ विजेचे हलके झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद मोजला. तो झटक्यागणिक कमी होत गेलेला कागदावर दिसला.

नंतर वाचलं की इंग्लंडचे डॉक्टर थॉमस विलिस यांनी १६७२ मध्येच अशा एका बाईबद्दल लिहिलं होतं. बराच वेळ बोलली की तिची वाचाच जायची. त्यांच्याकडे ना एमआरआय, ना रक्ततपासणी. बाई दिवसभरात कशी बदलते, एवढंच त्यांनी नीट बघितलं.

तुमच्या घरात कुणाचे रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस बेजार असेल, तर त्रास सुरू असतानाचा व्हिडिओ काढा. केव्हा वाढतो, कशानं कमी होतो, ते वहीत वेळेसकट लिहा. "नॉर्मल" म्हटलं की कोणती तपासणी, आणि त्यात काय दिसतच नाही, हे विचारा. उद्धटपणा वाटला तरी विचारा.

आता मायस्थेनियाची गोळी घेऊन पाऊण तासानं जेवायला बसते. काल ज्वारीची अख्खी भाकरी खाल्ली. सासूबाई समोर होत्या, काही बोलल्या नाहीत, आणखी अर्धी ताटात वाढली. पुढच्या आठवड्यात छातीचा सीटी स्कॅन आहे. या आजारात थायमस ग्रंथीत गाठ असू शकते, म्हणून.