पोलिकार्पोव्हला याकोवलेव्हने संपवलं? आधी तारखा बघा

‘सोविएत अभियंता अलेक्सांद्र याकोवलेव्ह स्टालिनचा लाडका होता. विमान खात्याचा मंत्री झाला आणि त्या खुर्चीतून त्याने प्रतिस्पर्धी अभियंता पोलिकार्पोव्हची सरस विमानं मारून स्वतःची ‘याक’ लढाऊ विमानं हवाई दलाच्या गळ्यात मारली.’ हा मजकूर फिरतोय. लाडका होता, हे खरं.

मंत्री मात्र कधीच नव्हता. जानेवारी १९४० मध्ये खातं शाखुरिनकडे गेलं आणि ३३ वर्षांचा याकोवलेव्ह त्याचा उपमंत्री झाला.

पोलिकार्पोव्हचा आराखडा काढून घेऊन त्यातून मिग हे लढाऊ विमान बनवलं गेलं, याचंही खापर याकोवलेव्हच्याच डोक्यावर. तो आराखडा आणि माणसं मिकोयान-गुरेविच या अभियंत्यांच्या जोडीकडे गेली ती १९३९ संपताना, म्हणजे ही नेमणूक होण्याआधी. नामांकित वैमानिक चकालोव्हचा बळी घेणारा, पोलिकार्पोव्हच्याच आय-१८० विमानाचा अपघात तर डिसेंबर १९३८ चा.

राहिलं पोलिकार्पोव्हचं आय-१८५ हे लढाऊ विमान. विमान खरंच झकास होतं, पण त्याला हवं असलेलं एम-७१ इंजिन कारखान्यातून नियमित बाहेर पडतच नव्हतं. एप्रिल १९४३ मध्ये चाचणी वैमानिक स्तेपानचोनोक याच विमानाच्या अपघातात मारला गेला. एम-८२ हे दुसरं इंजिन बसवता येत होतं, मग तेच का नाही लावलं? तर त्याच इंजिनावर लावोचकिन या दुसऱ्या अभियंत्याचं ला-५ विमान उभं राहिलं होतं, लाकडी सांगाड्याचं, चालू कारखान्यात फारशी मोडतोड न करता निघणारं. आय-१८५ च्या पंखांना धातू लागायचा, आणि युद्धात ॲल्युमिनियमची चणचण होती. शिवाय गोर्की शहरातला, ला-५ बनवणारा कारखाना याकसाठी घ्यायचं ठरत आलं होतं. ला-५ आलं आणि ते बारगळलं. खुर्चीच्या जोरावर सगळं जमत असतं, तर याकोवलेव्ह इथे हरला कसा?

आता आरोपातला खरा भाग. स्वतः विमानं आखायची आणि नव्या विमानांचं खातंही आपणच सांभाळायचं, हे मुळातच चुकीचं होतं. संशय येणारच, आणि मलाही काही ठिकाणी येतो.

पण लाडाचं म्हणाल तर जून १९४३ आठवा, कुर्स्कच्या लढाईच्या तोंडावरचा. याकच्या पंखांवरचं कापड हवेत सुटू लागलं, कारण रंग-लेप निकृष्ट होता. स्टालिनने याकोवलेव्ह आणि दुसरा उपमंत्री देमेंत्येव्ह यांना बोलावून त्या फाटक्या कापडाचे तुकडे टेबलावर दाखवले आणि दोघांची सालटी काढली. दोन आठवड्यांत दुरुस्त करतो, असा शब्द देऊनच ते बाहेर पडले.