मिठी हा नाला नव्हे, नदीच

‘मिठी ही मुळात नदी नव्हतीच, २००५च्या पुरानंतर एका नाल्याला नदीचं नाव चिकटवलं,’ असा मजकूर पावसाळा आला की मोबाइलवर फिरू लागतो. तो चुकीचा आहे.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याच्या पाण्यावर वाहणारी मिठी साधारण १८ किलोमीटरनंतर माहीमच्या खाडीला मिळते. आता कुणी म्हणेल, तलावच माणसांनी बांधलेले, मग नदी कसली? पण १८६० मध्ये पूर्ण झालेल्या विहारचा बांध घातला, तोच मुळी या प्रवाहावर.

त्याहून जुना साक्षीदार धारावीत उभा आहे: काळा किल्ला, म्हणजेच रिवा किल्ला. मिठीच्या काठी इंग्रजांनी बांधलेला. भिंतीतल्या इंग्रजी शिलालेखात गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आणि १७३७ हे साल आहे. (वस्ती इतकी खेटून की किल्ला शोधावाच लागतो.) नाल्यावर पहारा ठेवायला कुणी किल्ला बांधत नाही.

त्या मजकुरातलं एक मात्र खरं, आजचं पाणी नाल्याचंच वाटतं. त्याला कारणं आहेत: घरांचं सांडपाणी, कारखान्यांची रसायनं, काठावरचे भराव आणि विमानतळासाठी वळवलेलं पात्र.